वाकीच्या वाळूतला झिरा

सुपडूने काठी वाळूत खणलेल्या झिऱ्यात उभी धरली, वर काढली आणि ओल कुठवर चढली ते अंगठ्याने दाबून पाहिलं. काल वीतभर होती. आज चार बोटं. त्याने काठी धोतराला पुसून टाकली आणि काठावर उभ्या असलेल्या तोताराम आबांकडे न बघताच म्हणाला,

"हाये. पुरते."

"किती हाये?"

"पुरते म्हनलं नं, आबा."

आबा म्हणजे सत्तरी ओलांडलेला माणूस. संवत छपनसालचा, वीसेक वर्षांमागचा दुष्काळ त्यांनी धडधाकट वयात पाहिला होता आणि त्यात दावणीचे सगळे बैल घालवले होते. दुष्काळात माणसं पाण्याबद्दल खोटं बोलतात, आणि बहुतेक वेळा समोरच्याच्या भल्यासाठी बोलतात, हे त्यांना ठाऊक होतं. ते फक्त एवढंच म्हणाले,

"आजूक बैल चालू सकतात तोवर तापीकळे निघू. मांघून पाय उचलनार नहीत."

"चार दिवस थांबा."

"तू म्हनतो त थांबतो," आबा म्हणाले आणि अंजनाच्या सावलीकडे वळले. त्यांचं ते 'तू म्हणतो तर' सुपडूला टोचलं, कारण खरं होतं. इथे सगळे त्याच्याच शब्दावर आले होते.

त्या साली, म्हणजे एकोणीसशे वीसला, पावसाने आषाढातच पाठ फिरवली. कडबा संक्रांतीलाच संपला. फाल्गुन लागेपर्यंत गावच्या विहिरी माणसांपुरत्या उरल्या. सरकारने सातपुड्यातलं राखीव जंगल गुरांना मोकळं केलं तेव्हा गावात दोन मतं पडली. आबांचं म्हणणं, तापीच्या काठी जावं. तिथे दहा गावांची गुरं गोळा होतील, चारा मिळणार नाही, पण पाणी तरी दिसेल. सुपडूचं म्हणणं, जंगलात जावं. पाला भरपूर आहे, आणि पाण्याचं मी बघतो. सुपडू पाणाड्या होता. यावलच्या आसपास तेरा विहिरींची जागा त्याने दाखवली होती आणि तेराही विहिरींना पाणी लागलं होतं. अशा माणसाने पाण्याचं मी बघतो म्हटल्यावर बोलायचं काय राहतं? सात घरांतल्या सात बैलजोड्या आणि चार गाड्या त्याच्या मागे निघाल्या आणि वाकी नदीच्या पात्रात येऊन थांबल्या.

नदी म्हणायची ती रीत म्हणून. दोन्ही काठांना अंजनाची झाडं, मधे दोनशे पावलं रुंद वाळू, दगडगोटे आणि दुपारी त्यावरून हलणारी झळ. गाड्या गोल लावल्या, मधे चुली मांडल्या, बिबट्याच्या भीतीने बाहेरून काटेरी कुंपण केलं. महिनाभर बिऱ्हाड असं वाळूतच पडलं होतं. अंजनाचा पाला बैल आवडीने खात. पाणी मात्र त्या एका झिऱ्यात होतं तेवढंच.

झिऱ्याची जागा सुपडूने शोधली असं गावाला वाटत होतं. खरं तर ती पुनाने दाखवली होती. वरच्या टेकाडावर पावरा आदिवासींची चार घरं होती, त्यांतला हा म्हातारा. पहिल्याच दिवशी तो खाली आला, टाचेने वाळूवर एक गोल काढला आणि म्हणाला,

"आठे खोदा. कमरइतलं खोदा, जास्त नको. खाले चिक्कन माती शे, तिले धक्का लावू नका."

"आता याच्यापासून शिकाचं राह्यलं व्हतं," सुपडू सोबत आलेल्या मगनला म्हणाला. मगन हसला. सुपडूच्या बोलण्यावर हसायची गावात पद्धतच होती. पुनाही थोडा हसला आणि परत वर निघून गेला.

झिरा कमरेइतका झाला. पाणी वाळूतून झिरपायचं, तळाशी साचायचं, आणि माणसाने आत उतरून तांब्यातांब्याने ते घागरीत भरायचं. घागर लाकडी डोणीत ओतायची, डोण अंजनाच्या डहाळ्यांनी झाकायची. दिवसभर प्रत्येक घराची बारी चाले आणि ऊन उतरलं की बैल डोणीवर येत. नियम सुपडूनेच घातला होता: ज्या घरचं माणूस झिऱ्यात उतरेल त्याची जोडी आधी पिईल, बारीच्या क्रमाने, जे उतरणार नाही त्याची जोडी सगळ्यांच्या शेवटी. आळशांना चाप बसावा म्हणून केलेला हा नियम कोणाला वावगा वाटला नाही.

तो लागला सुनंदाबाईला. सुनंदाबाई म्हणजे सुपडूच्या चुलतभावाची विधवा, तिशीची. घरात दुसरं माणूस नाही म्हणून स्वतःच जोडी घेऊन आली होती. खैऱ्या आणि चांद्या, एवढीच तिची दौलत. बैल होते म्हणून शेत तिच्या हाती होतं. बैल गेले की भाऊबंद शेत वाहायला घेणार आणि तिला वर्षाकाठी चार पायल्या ज्वारी देऊन उपकार करणार, हे लिहून ठेवल्यासारखं होतं. आल्यावर काही दिवसांनी तिला कावळा शिवला. चार दिवस ती रिवाजाप्रमाणे बिऱ्हाडापासून लांब, एका अंजनाखाली बसली. झिऱ्यात उतरायचा प्रश्नच नव्हता. बाहेरच्या बाईने पाण्याच्या जवळपासही फिरकायचं नसतं. चारही दिवस तिची जोडी शेवटी प्याली. शेवटी म्हणजे डोणीच्या तळाचा गाळ. खैऱ्या सावरला, पण चांद्याने जी हाय खाल्ली ती खाल्लीच. उठताना त्याचे पुढचे गुडघे थरथरत, आणि ती त्याच्या मानेखाली खांदा देऊन त्याला उठवी.

आबा गेल्यावर सुपडू झिऱ्याच्या काठावर बसून राहिला. दुपारची बारी त्याचीच होती. त्याच्या आधीची सुनंदाबाईची. ती नुकतीच घागर ओतून गेली होती. सगळी माणसं पैलकाठाला बैलांसाठी पाला तोडून तिथेच सावलीत पडली होती. झिऱ्यात काय चाललंय ते दिसेल एवढ्या जवळ कोणी नव्हतं.

तो आत उतरला, तांब्या भरायला वाकला आणि वाकल्यावर त्याच्या पायाला तळाची चिकणमाती लागली. गार, घट्ट. पायाचा अंगठा तिच्यात रुतवून तो विचार करत राहिला. तेरा विहिरींनी त्याला एकच गोष्ट शिकवली होती. काळ्या मातीखाली चिकणमाती लागते, ती फोडली की गोटा लागतो, आणि त्या गोट्यातून पाणी असं उसळतं की खोदणाऱ्याला दोर धरून वर पळावं लागतं. दर वेळी माणसं म्हणायची, आता पुरे. दर वेळी तो म्हणायचा, अजून दोन हात. आणि दर वेळी तोच खरा ठरायचा. मग इथेच काय निराळं असणार? पावऱ्याने कधी विहीर पाहिली होती?

त्याने गाडीतून पहार आणली.

चार घावांत चिकणमातीची ढेकळं निघाली. पाचव्या घावाला पहार हातातून सुटून आपोआप हातभर खाली गेली. सुपडूला हसू आलं. त्याने पहार उपसली आणि पाणी वर येण्याची वाट पाहत भोकावर वाकला.

पाणी वर आलं नाही. झिऱ्यात साचलं होतं तेच भोकाभोवती एकदा फिरलं आणि खाली जाऊ लागलं. घशातून घोट उतरावा तसा आवाज येत होता. सुपडूने दोन्ही पंजे भोकावर दाबले. मग ढेकळं कोंबली. मग डोक्याचं पागोटं काढून तेही कोंबलं. पाणी पागोट्याच्या कडेने गेलं, ढेकळांच्या फटींतून गेलं, आणि चिलीम ओढून व्हावी एवढ्या वेळात झिऱ्याचा तळ उघडा पडला. वाळूतून जे झिरपत होतं तेही आता थेट त्या भोकाकडे ओघळत होतं. खाली नुसता गोटा होता, कोरडा, किती खोल कोण जाणे. डोंगराच्या पायथ्याची जमीन पाणी वर उचलत नाही, गिळते. ती एक चिकणमातीची पापडी होती म्हणून सात जोड्या जगत होत्या, हे त्याला तेव्हा कळलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला उशिरा कळलं होतं.

त्याने हाक मारली नाही. आधी पागोटं ओढून काढलं, पिळलं, डोक्याला बांधलं. भोकावर ढेकळं रचली, त्यांवर वाळू पसरली, पायाने सारखी केली. पहार पुसून गाडीत ठेवली. आणि मग काठावर उभं राहून तो ओरडला,

"आबा! पानी गेलं!"

सगळे धावत आले. कोणी आत उतरलं, कोणी वाळू उकरली, कोणी वरूनच डोकावून मागे सरलं. मगनची आई कुंदाबाई स्वयंपाकासाठी म्हणून मुलाबरोबर आली होती. ती वाळूत बसूनच राहिली. सुपडूचं पागोटं मातकट झालंय हे कोणाच्या लक्षात आलं नाही. अशा वेळी कोण कोणाच्या पागोट्याकडे बघतं?

गलबला ऐकून पुनाही टेकाडावरून उतरला. तो थेट झिऱ्यात गेला, बसला, आणि मधोमध हात घालून त्याने मूठभर बारीक गोटे वर काढले. तळहातावर घेऊन पाहिले. मग मान वर करून सुपडूकडे पाहिलं, त्याच्या पागोट्याकडे पाहिलं, आणि गोटे जिथले तिथे ठेवून दिले. त्याला कोणी काही विचारलं नाही. पावऱ्याला काय विचारायचं? आणि न विचारता सांगायची त्याला सवय नव्हती. तो आला तसा वर गेला. थोड्या वेळाने टेकाडावरच्या चार घरांतली माणसं डोक्यावर मडकी घेऊन, बैल चढणार नाही अशा पायवाटेने डोंगराच्या आतल्या बाजूला जाताना दिसली.

"सकायी पानी व्हतं न दुपारी नही," मगन म्हणाला. "आसं पानी जात नसते. कोनाचा तरी इटाळ झाला."

"तोंड आवर," आबा म्हणाले.

"काहून आवरू? पाटलाच्या आडाचं नही झालं तसं? भायेरची बाई उतरली न आड आटला."

कुंदाबाईने सुनंदाबाईकडे एकदा पाहिलं. वाईट भावनेने नव्हे; बाईचं लक्ष बाईकडे जातं तसं. सुनंदाबाईने पदर पुढे ओढला आणि चांद्याच्या पाठीवरच्या गोमाश्या हाकलू लागली.

आबांनी बराच वेळ वाळूत काठीने रेघा ओढल्या. मग सांगितलं. डोणीत जे आहे ते बैलांना पाजायचं आणि ऊन उतरलं की तापीची वाट धरायची. दोन दिवसांची चाल. वाटेतल्या गावांत माणसाला घोटभर मिळेल, बैलाला कोणी देणार नाही. "आन निघाच्या आंधी," ते थांबून म्हणाले, "मगन म्हनतो ते मनात ठेवून कोनी चालाचं नही. सगयांनी आपापल्या बैलाच्या शिंगाले हात लावाचा न म्हनाचं, म्या झिऱ्याले काही केलं नही. मंग इषय मिटला."

शिंगाला हात लावून खोटं बोललं की तो बैल वर्ष काढत नाही, ही गावातली समजूत. सुपडूने ती लहानपणापासून ऐकली होती आणि तिच्यावर त्याचा विश्वास होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्याला वाटू लागलं, की आबांनी हे आपल्याकडे बघूनच काढलं. आबांनी तसं काही केलेलं नव्हतं.

तो गाडीआड जाऊन दोर गुंडाळू लागला. एकच दोर त्याने दोनदा गुंडाळला आणि सोडला.

"भाऊ."

गाडीच्या चाकापलीकडे सुनंदाबाई उभी होती. पदर नाकापर्यंत, तोंड अर्धं वळवलेलं. लग्न होऊन आल्यापासून ती सुपडूशी समोरासमोर कधी बोलली नव्हती. मोठ्या दिराशी बोलायचं नसतं. सुपडू गोंधळून उभा राहिला.

"पानी माह्यानं गेलं," ती म्हणाली.

"काय म्हनते?"

"मी भायेरची हाये. परवापासून." शब्द तिच्या तोंडून एकेक करून पडत होते. "कोनाले सांगितलं नही. मांघच्या बारीले दूर बसली त चांद्या असा झाला. आता आजूक चार दिवस डोनीतला चिखल प्याला असता त मेलाच असता, भाऊ. म्हनून उतरली. परवा उतरली, काल उतरली, आज बी उतरली. मी वर आली न पानी गेलं."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती. सुपडूला तिच्या आवाजातली भीती ऐकू येत होती. ती त्याला नव्हे, स्वतःला भीत होती. सात घरांचे बैल आपण मारले, असं तिला वाटत होतं, आणि हे ओझं ती जन्मभर वाहणार होती.

एक वाक्य पुरलं असतं. बाई, तुझ्यानं नाही गेलं, मी पहार मारली. ते त्याच्या जिभेवर आलं, खरंच आलं. सुपडू काही वाईट माणूस नव्हता. चुलतभाऊ वारला तेव्हा पहिल्या वर्षी तिचं शेत त्यानेच पेरून दिलं होतं. पण त्या वाक्यापुढे त्याला तेरा विहिरी दिसल्या, आबांचा चेहरा दिसला, मगनचं हसू दिसलं. या वेळी ते हसू त्याच्यावर असणार होतं.

"आनखी कोनाले सांगितलं?" त्याने विचारलं.

"कोनालेच नही. तुमालेच. मले शिंगाले हात लावता येनार नही, भाऊ. आबाले तुमीच सांगा काय सांगाचं ते."

सुपडूने दोर खाली ठेवला.

"कोनाले सांगू नको," तो म्हणाला. "मी बी सांगत नही. शपथ मी व्हऊ देत नही."

तिने पहिल्यांदा मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्याआडून ती त्याच्याकडे अशी बघत होती की सुपडूने खाली ठेवलेला दोर पुन्हा उचलला. मग ती खाली बसली. तिने त्याच्या पायांना हात लावला नाही. त्या अवस्थेत लावायचा नसतो. पायांपासून हातभर अंतरावर, तापलेल्या वाळूवर तिने कपाळ टेकवलं.

"ऊठ," सुपडू म्हणाला. "ऊठ वं बाई. चटके बसतीन."

शपथेचा विषय त्याने आबांपाशी काढला तेव्हा आबांनी त्याचं ऐकून घेतलं.

"एकमेकावर असा इस्वास न ठेवता दोन दिवस कसं चालनार, आबा?" सुपडू म्हणाला. "पानी देवानं नेलं. त्याचा हिसोब आपन काय करनार?"

"खरं हाये तुहं," आबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला. "तुह्यासारखं मन सगयांले नसते. मगन, आयकलं का? शिक काही."

मगनने मान खाली घातली. सुपडूनेही.

ऊन कललं तसे बैल डोणीवर आणले. डहाळ्या बाजूला केल्या. डोण अर्धीही नव्हती. सकाळपासून जे भरलं होतं तेवढंच, आणि सात जोड्या. आबा काठी घेऊन बाजूला उभे राहिले. प्रत्येक जोडीने किती प्यायचं ते काठीने अडवून तेच ठरवत होते. आधी मगनची जोडी प्याली, मग आबांची, मग आणखी तीन घरांच्या. पाणी डोणीच्या तळाशी येऊन चकाकू लागलं. आता दोनच जोड्या राहिल्या होत्या. दिवसाच्या क्रमाने आधी सुनंदाबाईची, मग सुपडूची. दोन्ही जोड्यांना पुरेल एवढं त्यात नव्हतं. एका जोडीला पुरलं असतं.

"सुनंदा, बैल आन," आबा म्हणाले.

ती जागची हलली नाही.

"आन नं वं. उशीर व्हते."

"मांघून पाजते, आबा."

"मांघून काय राहीन?" कुंदाबाई म्हणाली. "तो चांद्या पाह्य कसा झाला. आन तू."

"मांघून," सुनंदाबाई म्हणाली. चांद्याला पाण्याचा वास आला होता. त्याने मान लांबवली आणि एक पाऊल पुढे टाकलं. तिने दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरून बाजूला वळवलं, आणि तो वळला, कारण तो नेहमीच तिचं ऐकत असे. मग तिने डोणीपलीकडे उभ्या असलेल्या सुपडूकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिथे फक्त उपकाराची जाणीव होती.

आबांना काही उमगेना. त्यांनी खांदे उडवले आणि काठी बाजूला घेतली.

"मंग तू आन, सुपडू."

सुपडू थोडा वेळ कासरा हाताभोवती गुंडाळून उभा राहिला. सगळे त्याच्याकडे बघत होते. मग त्याने कासरा सैल सोडला, आणि त्याची जोडी डोणीकडे चालू लागली.